‘नो ग्रोथ’ कुणामुळे? फंगल कल्चर बंद करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
रुग्णालयांची व्यवस्थापनं आणि सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळांचे प्रमुख यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या विभागाच्या फलकावर चार ओळींचं एक परिपत्रक लागलं. फंगल कल्चरचं, म्हणजे रुग्णाच्या नमुन्यातली बुरशी प्लेटवर वाढवून पाहण्याचं, बेंच महिनाअखेर बंद होणार. न्यूमोनियाच्या रुग्णांचे बुरशीसाठीचे नमुने यापुढे फक्त पीसीआर आणि अँटिजेन चाचण्यांना जाणार. कारण काय, तर कल्चरला वेळ लागतो, जागा लागते आणि त्याची ‘निष्पत्ती कमी’ आहे. खाली सही, शिक्का. अशीच पत्रकं आणखी काही ठिकाणी निघाल्याचं याच कामातल्या मैत्रिणींकडून कळलं, म्हणून हे पत्र एकट्या माझ्या वरिष्ठांना न लिहिता तुम्हा सगळ्यांना, सगळ्यांदेखत लिहिते आहे.

त्या बेंचवर मी 22 वर्षं काढली. नोकरीच्या धास्तीने लिहिते आहे असं कृपया समजू नका. मला बॅक्टेरियाच्या बेंचवर जागा मिळाली आहे आणि तिथली खुर्ची आधीच्यापेक्षा बरी आहे. लिहायचं खरं कारण माझा मोठा भाऊ आहे.

दादाला रक्ताचा कॅन्सर झाला होता. केमोनंतर पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर आल्या आणि त्याच दिवसांत ताप, खोकला, छातीत कळ सुरू झाली. सीटीमध्ये उजव्या फुफ्फुसात डाग दिसला. तो दुसऱ्या रुग्णालयात होता, त्यामुळे मी तिथे फक्त बहीण होते. बुरशी शोधणारी गॅलॅक्टोमॅनन चाचणी निगेटिव्ह आली. बीटा-डी-ग्लुकॅनही निगेटिव्ह. फुफ्फुसाचा तुकडा काढून कल्चरला पाठवला, त्याचा रिपोर्ट दोन दिवसांनी आला: नो ग्रोथ. फाइलमध्ये कुणीतरी लिहिलं, ‘बुरशी नाही’, आणि अँटिबायोटिक बदललं. ताप होता तिथेच.

मी तिथल्या टेक्निशियनला एकच विचारलं, तुकड्याचं केलंत काय? तो म्हणाला, नेहमीसारखा ग्राइंडरमध्ये वाटला आणि प्लेटवर लावला. थेट मायक्रोस्कोपखाली पाहायला काचपट्टी केली का? नाही, फॉर्मवर तसं लिहिलं नव्हतं.

इथे जरा थांबते, कारण माझ्या सगळ्या म्हणण्याचं मूळ या वाटण्यात आहे. म्युकर गटातल्या बुरशीचे तंतू रुंद असतात आणि त्यांना आडपडदे जवळजवळ नसतात. बाकीच्या बऱ्याच बुरशींच्या तंतूंत ठरावीक अंतरावर पडदे असतात. तंतू एका जागी तुटला तरी पडद्यापलीकडची पेशी जगते. म्युकरचा तंतू म्हणजे एक लांब पाइप. एका ठिकाणी फुटला की आतलं सगळं वाहून जातं. बॅक्टेरियासाठी तुकडा वाटणं ठीक आहे. म्युकरचा तुकडा वाटला की ती मेलीच. शिवाय गॅलॅक्टोमॅनन आणि बीटा-डी-ग्लुकॅन या दोन्ही चाचण्या म्युकरला पकडतच नाहीत, कारण ज्या घटकांचा त्या शोध घेतात ते तिच्या पेशीभित्तिकेत त्यांना सापडण्याइतके नसतात. म्हणजे दादाच्या फाइलमधल्या तीन निगेटिव्हपैकी दोन चाचण्या या बुरशीसाठी आंधळ्या होत्या आणि तिसरी आपणच हाताने मारून टाकली होती. तिन्हींची बेरीज करून कुणी ‘बुरशी नाही’ लिहिलं, तर दोष बुरशीचा खास नाही.

एका तरुण निवासी डॉक्टरने माझं ऐकून घेतलं. दुसरी बायोप्सी झाली. या वेळी तुकडा ब्लेडने बारीक कापला आणि ते कण माध्यमात हलकेच दाबून बसवले. एका कणाला पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि कॅल्कोफ्लुओर हा चमकणारा रंग लावून तो फ्लुओरेसंट मायक्रोस्कोपखाली धरला. निळसर उजेडात रुंद, वेड्यावाकड्या फितीसारखे तंतू, काटकोनात फुटलेल्या फांद्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्लेटवर पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी फुगलं होतं. तिसऱ्या दिवशी ते झाकणाला टेकलं. लायपोसोमल अँफोटेरिसिन हे बुरशीविरोधी औषध मायक्रोस्कोपच्या निष्कर्षावरच सुरू झालं होतं, नंतर शस्त्रक्रिया झाली. दादा वाचला. उजव्या फुफ्फुसाचा एक खंड गेला. जिना चढताना तो मध्येच थांबतो आणि काहीतरी आठवल्यासारखं करतो, म्हणजे आपल्याला दम लागलाय हे कुणाला कळू नये.

आता तक्रारी सांगते.

पहिली तक्रार त्या ‘निष्पत्ती कमी’ या शब्दांबद्दल. ती कमी आहे हे खरं, पण ती कमी करतं कोण? फुफ्फुस धुऊन घेतलेला द्राव, म्हणजे बीएएल, कित्येक मिलिलिटर येतो. त्यातलं 10 मायक्रोलिटर लूपवर घेऊन प्लेटवर ओढायचं आणि उरलेलं फ्रिजमध्ये ठेवायचं, ही बॅक्टेरियाची पद्धत. तिथे जंतू लाखांनी असतात, चालून जातं. बुरशीचे तंतू मोजके आणि गुंत्यात असतात. त्यासाठी सगळा द्राव सेंट्रिफ्यूज करून तळाचा गाळ लावावा लागतो. बेडक्याचंही तेच, पातळ न करता भरपूर घेऊन लावला तर अ‍ॅस्परजिलस ही बुरशी कितीतरी जास्त वेळा सापडते. आम्हाला मात्र अनेकदा टीबीच्या तपासणीतून उरलेला गाळ पाठवला जातो. तो सोडियम हायड्रॉक्साइडने धुतलेला असतो. इतर जंतू मरावेत आणि क्षयाचे जंतू उरावेत यासाठीच ते धुणं असतं, त्यात बुरशीही मरते. कुठे सायक्लोहेक्झिमाइड घातलेलं एकच माध्यम वापरतात. ते त्वचेच्या बुरशीसाठी उत्तम, पण अ‍ॅस्परजिलस, म्युकर, क्रिप्टोकॉकस यांना ते वाढूच देत नाही. आणि एवढ्यातूनही काही जगलं, तर 48 तासांनी प्लेट नष्ट करायला ऑटोक्लेव्हमध्ये जाते. हिस्टोप्लाझ्मा या बुरशीला वाढायला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात! हातपाय बांधून पाण्यात ढकलायचं आणि वर म्हणायचं, याला पोहता येत नाही.

दुसरी तक्रार, तुम्ही पीसीआर आणि अँटिजेनला जो प्रश्न विचारता आहात त्याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. पीसीआर सांगते, या नमुन्यात अमुक बुरशीचा डीएनए आहे. अँटिजेन सांगतं, तिच्या भिंतीचा किंवा आवरणाचा अंश आहे. दोन्ही मोलाचं आहे, आणि लवकर कळतं हे तर फारच मोलाचं. पण ती बुरशी आत्ता जिवंत आहे का, हे दोन्हींपैकी कुणीच सांगत नाही. क्रिप्टोकॉकस फुफ्फुसातूनच शरीरात शिरते. तिचं अँटिजेन उपचार नीट लागू पडल्यावरही महिनोन्‌महिने पॉझिटिव्ह राहू शकतं. ते पाहून औषध वाढवायचं की थांबवायचं? तिथे कल्चर बोलतं. वाढली तर जिवंत आहे.

कल्चरची बाजू घेताना त्याची खोट लपवणार नाही. अ‍ॅस्परजिलसचा न्यूमोनिया पक्का असतानाही कल्चर कितीदा तरी कोरं येतं, आणि रक्तातून तर ती जवळजवळ कधीच वाढत नाही. उलट, हवेतला एखादा बीजाणू प्लेटवर पडून दिमाखात वाढतो. म्हणूनच ओढलेल्या रेघेवर वाढली की रेघेबाहेर, हे पाहावं लागतं. त्याला यंत्र नको, डोळे लागतात. वाढली म्हणजे आजार आणि नाही वाढली म्हणजे आरोग्य, असा सरळ हिशेब इथे नाही. जिवंत बुरशी श्वसनमार्गात नुसती मुक्कामालाही असू शकते.

आणि न्यूमोसिस्टिस ही फुफ्फुसातली बुरशी तर आमच्या प्लेटला भीकच घालत नाही. 1909 साली कार्लोस शागास यांना ती दिसली तेव्हा त्यांनी तिला ट्रिपॅनोसोम या एकपेशीय परजीवीची एक अवस्था समजलं. पुढे कित्येक दशकं ती प्रोटोझोआत गणली गेली. 1981 च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना तिचा न्यूमोनिया झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली आणि जगाला एड्सची पहिली चाहूल लागली. तेव्हाही ती बुरशी आहे हे ठरलेलं नव्हतं. 1988 मध्ये तिच्या आरएनएचा क्रम वाचल्यावर ते ठरलं. तिला प्रयोगशाळेत वाढवल्याचा एक दावा 2014 साली आला होता, पण इतरांना ते जमलं नाही. तेव्हा तिच्यासाठी काचपट्टी, सिल्व्हर स्टेन, इम्युनोफ्लुओरेसन्स आणि पीसीआर एवढीच हत्यारं. तिथे पीसीआरवर मी एक अक्षरही वाईट बोलणार नाही.

पण रिपोर्ट कसा जातो ते पाहा. ‘न्यूमोसिस्टिस जिरोवेसी: डिटेक्टेड.’ बस. किती, ते नाही. जास्त सीटी मूल्यावर (हा पीसीआरचा आकडा, सीटी स्कॅन नव्हे), म्हणजे अगदी थोडा डीएनए सापडलेला माणूस आणि फुफ्फुस गच्च भरलेला माणूस, दोघांच्या हातात एकच कागद. पहिल्याच्या फुफ्फुसात ती कदाचित नुसती वस्तीला असेल. किंवा आधीच्या उपचाराने मेलेली असेल, कारण तिच्या रिकाम्या सिस्ट, म्हणजे कोश, उपचारानंतरही काही आठवडे दिसत राहतात. तरी त्याला साधारण 21 दिवस को-ट्रायमोक्साझोलचे मोठे डोस जातात. मळमळ, अंगावर पुरळ, वाढलेलं पोटॅशियम, घसरलेल्या रक्तपेशी. दुसऱ्याला तेच औषध जीवदान असतं. जिवंत-मेलेलं वेगळं करायच्या पद्धती नाहीत असंही नाही. पेशी मेल्यावर एमआरएनए, म्हणजे जनुकांचा निरोप नेणारा रेणू, लवकर नष्ट होतो, म्हणून डीएनएऐवजी तो मोजता येतो. प्रोपिडियम मोनोअझाइड नावाचा रंग फाटक्या आवरणाच्या मेलेल्या पेशींत शिरून त्यांचा डीएनए बांधून टाकतो, मग पीसीआरला उरतो तो मुख्यतः धडधाकट पेशींचा. हे सगळं अजून बरंचसं संशोधनाच्या टेबलावर आहे. कल्चरचं बेंच मोडून वाचणाऱ्या पैशातलं काही तिकडे वळणार आहे का? परिपत्रकात तसं दिसलं नाही.

तिसरी तक्रार औषधाची आहे, आणि मला ती सगळ्यात गंभीर वाटते. काचपट्टीवर बारीक, पडदे असलेले, टोकदार कोनात फांद्या फुटलेले तंतू दिसले की सगळे म्हणतात अ‍ॅस्परजिलस. सेडोस्पोरियमही तशीच दिसते, लोमेंटोस्पोराही, फ्युजेरियमही. सेडोस्पोरियमवर अँफोटेरिसिनचा भरवसा नाही आणि लोमेंटोस्पोरा तर हातातल्या जवळजवळ कुठल्याच औषधाला दाद देत नाही. अ‍ॅस्परजिलसमध्येसुद्धा टेरियस ही जात अँफोटेरिसिनला जन्मजात दाद देत नाही. फ्युमिगॅटस या जातीत अझोल गटातल्या औषधांना न जुमानणारे वाण आता हवेत आहेत. शेतात पिकांवर फवारली जाणारी अझोल बुरशीनाशकं त्याचं एक मोठं कारण आहे, त्यामुळे रुग्णाने आयुष्यात एकही व्होरिकोनाझोलची गोळी घेतली नसली तरी त्याच्या फुफ्फुसात असा वाण असू शकतो. काही पीसीआर संच यातले ठरावीक जनुकीय बदल ओळखतात. बाकीचे त्यांना दिसत नाहीत.

हे तपासायची एक साधी रीत मी वर्षानुवर्षं करते आहे. चार खणांची प्लेट. तीन खणांत तीन अझोल औषधं, चौथा खण मोकळा. एका वसाहतीवर न थांबता पाच-सहा उचलायच्या, कारण एकाच फुफ्फुसात मरणारी आणि न मरणारी अशा दोन्ही शेजारीशेजारी नांदतात. दोन दिवसांनी पाहायचं: मोकळ्या खणात हिरवट मखमल आणि बाकी तिन्ही स्वच्छ, तर बरं वाटतं. व्होरिकोनाझोलच्या खणातही मखमल दिसली की मी प्लेट खाली ठेवते आणि आधी वॉर्डला फोन लावते, रिपोर्ट मागून टाइप होतो. ही चाचणी करायला जिवंत बुरशी लागते. डीएनएवर औषध घालून तो मरतो का, हे पाहता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली बुरशींची प्राधान्ययादी काढली, त्यात 19 नावं आहेत. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगॅटस आणि क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स सर्वांत वरच्या गटात आहेत, म्युकर गट आणि हिस्टोप्लाझ्मा त्याखालच्या, न्यूमोसिस्टिस तिसऱ्या. ती यादी तुमच्या बैठकीच्या टेबलावर कधी आली होती का, हे विचारायचं धाडस करते.

चौथी तक्रार छोटी आहे. बेडक्यात कँडिडा सापडली की ‘फंगल न्यूमोनिया’ म्हणून औषध सुरू होतं. कँडिडा तोंडात राहते, बेडक्याबरोबर येते. तिच्यामुळे न्यूमोनिया होणं फार विरळा. नको तिथे जिवंत बुरशीचं नाव छापून आम्हीच ही चूक घडवतो, हेही कबूल करते.

पाचवी आमच्या जिवाची. बेंच बंद झालं म्हणून बुरशी यायची थांबणार नाही, ती परिपत्रकं वाचत नाही. बॅक्टेरियाच्या ब्लड अगारवर, विसरलेल्या प्लेटवर पाचव्या-सहाव्या दिवशी पांढरा लव येईल. हिस्टोप्लाझ्मा किंवा कॉक्सिडिऑइडिस असेल आणि नवख्या मुलाने ती प्लेट उघड्या टेबलावर उघडली, सवयीने नाकाशी नेली, तर पुढचा रुग्ण तोच. अशी प्लेट टेप लावून बंद करायची आणि फक्त सेफ्टी कॅबिनेटमध्ये उघडायची, हे ज्याने ती बुरशी आधी पाहिली आहे त्यालाच सुचतं. सेलोटेपचा तुकडा वसाहतीला हलकेच टेकवून लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लूमध्ये पाहणं मला शिकवलं ते माझ्या मॅडमनी, तीन महिने रोज. हे ज्ञान संचाबरोबरच्या माहितीपत्रकात मिळत नाही, आणि एकदा गेलं की निविदा काढून परत येत नाही.

आता मागण्या.

बेंच बंद करण्याचा निर्णय मागे घ्या. प्रत्येक ठिकाणी ते परवडत नसेल, हे मला मान्य आहे; मग काही रुग्णालयांनी मिळून एक सामायिक फंगल प्रयोगशाळा चालवा, नमुना तिथे वेळेत पोहोचवायची व्यवस्था करा, आणि ती उभी राहीपर्यंत आहे ते मोडू नका.

प्रत्यारोपण, केमो, दीर्घकाळ स्टिरॉइड, एचआयव्ही यांपैकी काही असलेल्या न्यूमोनियाच्या रुग्णाचा बीएएल किंवा बायोप्सी आली की काचपट्टी, कल्चर, अँटिजेन आणि पीसीआर यांचा एकत्र विचार व्हावा. काचपट्टी तर फॉर्मवर लिहिलेली असो वा नसो, झालीच पाहिजे, आणि तिचा निष्कर्ष त्याच दिवशी फोनवर कळवला पाहिजे. मागणीच्या फॉर्मवर रुग्णाला कुठलं बुरशीविरोधी औषध किती दिवस चालू आहे, हा रकाना सक्तीचा करा. म्युकरची शंका असेल तर ‘वाटू नये, कापावा’ हे फॉर्मवर मोठ्या अक्षरात छापा. असा नमुना फ्रिजमध्ये ठेवू नये हेही; थंडी तिला सोसत नाही. टीबीचा धुतलेला गाळ बुरशीसाठी स्वीकारणं आजपासून बंद करा.

‘नो ग्रोथ’ एवढे दोनच शब्द छापायचे थांबवा. नमुना किती होता, कसा लावला, किती दिवस पाहिला, हे सोबत यावं. पीसीआरच्या रिपोर्टवर सीटी मूल्य द्या आणि खाली एक ओळ लिहा: यावरून बुरशी जिवंत असल्याचं सिद्ध होत नाही.

गंभीर रुग्णातून वाढलेल्या प्रत्येक अ‍ॅस्परजिलसची अझोल चाचणी करा आणि ते वाण जपून ठेवा. आणि दर बेंचमागे दोन माणसं तरी शिकवून तयार ठेवा, माझ्यानंतरची.

यातल्या कुठल्या मागणीला नकार असेल तर तोही चालेल, फक्त कारणासह आणि लेखी द्या.

एक तातडीची गोष्ट राहिली. हे पत्र लिहिताना इन्क्युबेटरमध्ये 11 प्लेट आहेत. त्यातल्या दोन एका मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या बाईंच्या, हिस्टोप्लाझ्माच्या शंकेने लावलेल्या. आज त्यांचा सोळावा दिवस आहे आणि अजून काही नाही. बेंच बंद होईल तेव्हा चौथा आठवडाही पुरा झालेला नसेल. त्या प्लेट त्यानंतर कुणी आणि कुठल्या कॅबिनेटमध्ये पाहायच्या, हे महिनाअखेरीआधी कळवावं.

आपली नम्र,
फंगल बेंचवरची एक टेक्निशियन